माया फुकट मागू नका

अमेरिकेतली विद्यापीठं गोऱ्या नसलेल्या बायकांना नोकरीवर घेतात ती विद्यार्थ्यांचं दुःख झेलायला. ते आम्ही झेलत असतो तोवर आमचे फोटो माहितीपत्रकांवर छापले जातात. राजकारणाचं वारं फिरलं की पहिली कुऱ्हाड आमच्यावर पडते. मला राग आहे, पण हा आरोप मी रागाच्या भरात करत नाही. विद्यार्थ्यांना सांभाळण्याच्या या व्यवसायात माझी उमेदीची वर्षं गेली. हेच पुन्हा पुन्हा घडताना पाहूनही गप्प बसणं म्हणजे त्यात सामील होणं, असं माझं मत झालं आहे.

या व्यवसायाला तिथं स्टुडंट अफेअर्स म्हणतात. आपल्याकडे वसतिगृहाच्या रेक्टरबाई, विद्यार्थी विकास अधिकारी, समुपदेशक, शिस्तपालन समिती आणि गॅदरिंगचे सर मिळून जे करतात, ते सगळं अमेरिकेत एका स्वतंत्र व्यवसायात मोडतं. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागतं. वर्गाचं दार बंद झालं की विद्यार्थ्याच्या आयुष्यात जे जे घडतं, ते आमच्या टेबलावर येतं. रूममेटशी हाणामारी, दारू पिऊन बेशुद्ध पडलेली पोरगी, बलात्काराची तक्रार, दूरदेशी वारलेले वडील, थकलेली फी, महिनाअखेरीस उपाशी झोपणारी मुलं. प्राध्यापक शिकवून घरी जातात. आम्ही तिथंच असतो, पुष्कळ जणी तर वसतिगृहाच्या इमारतीतच राहतात. या व्यवसायाच्या खालच्या पायऱ्यांवर बायका दाटीवाटीने उभ्या आहेत, त्यात काळ्या, लॅटिना, आशियाई, मूळ अमेरिकी बायका बऱ्याच. वर नजर टाकली की चेहरे गोरे होत जातात, आणि पुरुषांचेही होत जातात.

आणि या व्यवसायाच्या पायाशी उभी आहे एक काळी बाई! ल्युसी डिग्ज स्लो. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाची १९०८ सालची पदवीधर. १९१७ साली तिने अमेरिकन टेनिस असोसिएशनचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. ती संघटना काळ्या खेळाडूंनी काढलेली, कारण गोऱ्यांच्या स्पर्धांचे दरवाजे त्यांना बंद होते. १९२२ मध्ये हॉवर्डने तिला 'डीन ऑफ विमेन' नेमलं. मुलींवर पहारा ठेवणारी मेट्रन व्हायला तिने साफ नकार दिला. मी शिक्षणतज्ज्ञ आहे, मला तसा अधिकार द्या, असं तिचं म्हणणं होतं. १९२६ साली विद्यापीठाला नवे अध्यक्ष मिळाले, मॉर्डेकाय जॉन्सन, हॉवर्डचे पहिले काळे अध्यक्ष. त्यांच्या कारकिर्दीत तिला डीनांच्या बैठकांतून वगळलं गेलं. पुरुष डीनांपेक्षा तिचा पगार कमी होता. १९३३ मध्ये तिला आवारातच राहायला येण्याचा हुकूम झाला, असा हुकूम एकाही पुरुष डीनला नव्हता. ती लढत राहिली आणि १९३७ साली पदावर असतानाच गेली.

हॉवर्ड काळ्यांचं विद्यापीठ होतं, अध्यक्षही काळे होते. म्हणून 'गोरे छळतात आणि बाकीचे सोसतात' एवढ्या सोप्या हिशेबावर माझा विश्वास नाही. काळजीचं काम बाईकडे आणि निर्णयाचं काम पुरुषाकडे, ही वाटणी संस्था कुणाचीही असली तरी टिकून राहते. गोऱ्यांच्या संस्थेत तिच्यावर रंगाचा आणखी एक थर चढतो, एवढंच.

स्लो गेली त्याच १९३७ साली अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने 'स्टुडंट पर्सोनेल पॉइंट ऑफ व्ह्यू' हे निवेदन काढलं. विद्यार्थी म्हणजे नुसती बुद्धी नव्हे, तो अख्खा माणूस आहे आणि त्या अख्ख्या माणसाच्या वाढीची जबाबदारी विद्यापीठाची आहे, असा त्याचा आशय. आमच्या पदव्युत्तर वर्गात हे निवेदन पहिल्याच आठवड्यात हातात ठेवलं होतं. स्लोचं नाव मात्र मला नोकरीला लागल्यावर एका काळ्या सहकारिणीने सांगितलं.

आता हा अख्खा माणूस कुणाच्या जिवावर सांभाळला जातो ते पाहा. वसतिगृहाची जबाबदारी घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाळीपाळीने रात्रीचा फोन असतो. तो वाजला की उठायचं, बर्फातून चालत जायचं, पोलिसांशी बोलायचं, रुग्णवाहिकेसोबत जायचं आणि सकाळी नवाच्या बैठकीला ताज्या चेहऱ्याने हजर राहायचं. या जागरणाचे जादा पैसे मिळत नाहीत. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्याने आठवड्याला चाळीस तासांपुढच्या कामाला दीडपट मोबदला ठरवला आहे, पण किमान एका ठरावीक मर्यादेइतका पगार असलेले 'व्यावसायिक' कर्मचारी त्यातून वगळलेले. ही पगाराची मर्यादा २०२० पासून वर्षाला ३५,५६८ डॉलर होती. २०२४ च्या जुलैत ती ४३,८८८ झाली आणि जानेवारी २०२५ पासून ५८,६५६ होणार होती. म्हणजे त्याहून कमी पगार असलेल्या असंख्य तरुण कर्मचाऱ्यांना एक तर ओव्हरटाइम द्या, नाही तर पगार तरी वाढवा. विद्यापीठांच्या मनुष्यबळ विभागांची राष्ट्रीय संघटना या वाढीवर आक्षेपच घेत राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्ससच्या एका संघीय न्यायालयाने नियमच रद्द केला आणि मर्यादा पुन्हा ३५,५६८ वर आली. 'विद्यार्थी हाच आमचा केंद्रबिंदू' अशी वाक्यं भिंतीवर लावणाऱ्या संस्थांना त्या विद्यार्थ्यासाठी रात्री दोनला उठणाऱ्या बाईचे तास मोजायचे नाहीत.

हे तास गोऱ्या कर्मचाऱ्यांनाही चुकत नाहीत. आमच्या वाट्याला त्यावर आणखी एक नोकरी येते. ती कुठल्याच नेमणूकपत्रात नसते. कॅम्पसवर काळ्या मुलीला कुणी शिवी दिली, तर ती तिच्या वसतिगृहाच्या गोऱ्या अधिकाऱ्याकडे जात नाही. तीन इमारती ओलांडून माझ्या काळ्या सहकारिणीकडे येते. मेक्सिकन आईबापांची, कागदपत्रं नसलेली मुलगी लॅटिना अधिकारीच शोधते. भारतीय, नेपाळी, बांगलादेशी मुलं माझ्याकडे येतात. कारण त्यांना पहिल्यापासून सगळं समजावून सांगण्याचं बळ उरलेलं नसतं. त्यांनी यावंच. पण त्याच वेळी प्रत्येक निवड समितीवर, प्रत्येक चौकशी मंडळावर, प्रत्येक 'विविधता' कृतिगटावर एक रंगीत चेहरा हवा असतो आणि असे चेहरे थोडे असतात, म्हणून तीच ती बाई सगळीकडे बसते. १९९४ साली स्टॅनफर्डच्या अमाडो पडिल्ला यांनी अशा ओझ्याला 'कल्चरल टॅक्सेशन', म्हणजे सांस्कृतिक कर, म्हटलं. पण ते प्राध्यापकांविषयी बोलत होते. प्राध्यापकाला निदान बढतीच्या अर्जात ही समिती लिहिता येते आणि कायम झाल्यावर 'नाही' म्हणता येतं. आम्हाला कायमपणा नाही. बहुतेक राज्यांत आम्हाला कारण न देताही काढता येतं.

मराठी वाचकांना या ओझ्यातला एक भाग मुद्दाम सांगायला हवा, कारण तो तुमच्या घराशी जोडलेला आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनलाही मागे टाकलं. त्यांत आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलं आहेत. एका रात्री मराठवाड्यातल्या एका वडिलांचा फोन आला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर माझं नाव वाचून त्यांनी अंदाज बांधला होता.

"मॅडम, तुम्ही मराठी का?"

"हो. बोला ना काका."

मग इंग्रजीचा प्रयत्न सोडून ते घडाघडा बोलायला लागले. "ताई, पोरगं फोनच उचलंना झालंय. जित्तं हाय का, तेवढंच सांगा. बाकी काय विचारत न्हाई."

१९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजातल्या मुलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय, काही अपवाद सोडले तर, पालकांनाही देता येत नाही. बहुतेक कार्यालयं तिथंच फोन ठेवतात, आणि कायद्याने ती बरोबर असतात. मी त्या मुलाच्या खोलीवर माणूस पाठवला. तो जिवंत होता, नापास झाला होता, घरी सांगायची हिंमत नव्हती. त्याला माझ्या कार्यालयात बसवून, पाणी देऊन, त्यानेच बापाला फोन लावेपर्यंत मी समोर बसून राहिले. पुढे काय झालं? त्या वडिलांनी माझा नंबर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून भारतातल्या सकाळी म्हणजे माझ्या रात्री फोन येतात. ते फोन मी उचलते आणि उचलत राहीन. तक्रार त्या आईबापांविषयी अजिबात नाही. तक्रार आहे ती त्या मुलांची परदेशी दराने पूर्ण फी मोजून घेणाऱ्या विद्यापीठाविषयी. ज्या भाषेत ते मूल रडतं त्या भाषेत त्याला सावरण्याचं काम विद्यापीठाला फुकट हवं आहे.

वार्षिक मूल्यमापनात या कामाचा उल्लेख 'प्रेमळ स्वभाव' असा येतो. कौशल्य म्हटलं तर त्याचे पैसे द्यावे लागतात, स्वभावाचे द्यावे लागत नाहीत. आणि हीच प्रेमळ बाई बैठकीत आकडे काढून भांडली, की पुढच्या मूल्यमापनात तिच्या 'सुरा'ची तक्रार येते. काळ्या सहकारिणींच्या बाबतीत हा सुराचा आरोप फार लवकर आणि फार क्रूरपणे येतो. मी मोठ्याने बोलले तर मला 'पॅशनेट' म्हटलं जातं. त्याच खोलीत, तेच वाक्य तिने माझ्याहून हळू उच्चारलं, तरी तिला 'धमकावणारी' म्हटलेलं मी ऐकलं आहे.

तक्रार करावी तर कुठं? मनुष्यबळ विभागाच्या अर्जात विचारतात: भेदभाव वंशामुळे झाला की लिंगामुळे? या प्रश्नामागे जुना इतिहास आहे. जनरल मोटर्सने काळ्या पुरुषांना आणि गोऱ्या बायकांना आधीपासून घेतलं होतं, काळ्या बायकांना मात्र फार उशिरा घेतलं, आणि मंदीत सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली तेव्हा त्यांच्या नोकऱ्या गेल्या, म्हणून पाच काळ्या बायका मिझुरीच्या न्यायालयात गेल्या. १९७६ साली न्यायालयाने सांगितलं, वंशाचा दावा करा किंवा लिंगाचा. दोन्ही मिळून वेगळा दावा होत नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली 'इंटरसेक्शनॅलिटी'चा, म्हणजे वंशाचा आणि लिंगाचा अन्याय एकमेकांत गुंतलेला असतो हा, विचार मांडला तो याच निकालाचा समाचार घेत. विद्यापीठांच्या प्रशिक्षणांत क्रेनशॉ यांचं नाव घेत, आणि प्रशिक्षण संपल्यावर तोच अर्ज पुढे करत.

याच मिझुरी राज्यात लिंकन विद्यापीठ आहे. यादवी युद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांनी स्वतःच्या पगारातून पैसे काढून १८६६ मध्ये ते उभं केलं. २०२३ साली तिथं स्टुडंट अफेअर्सच्या उपाध्यक्षपदी अँटोनेट कँडिया-बेली आल्या. त्या तिथल्याच माजी विद्यार्थिनी. त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला होता तो काळ्या बायकांना उच्च प्रशासकीय पदांवर पोचताना काय अडवतं, हा. विद्यापीठाचे अध्यक्ष गोरे होते. त्यांनी आपला छळ केला, मानसिक आजारासाठी मागितलेली मदत मिळाली नाही, असे आरोप कँडिया-बेली यांनी लेखी केले. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात त्यांना नोकरीवरून काढण्यात आलं. काही दिवसांत त्यांनी आत्महत्या केली. विद्यार्थी रस्त्यावर आले. अध्यक्ष रजेवर गेले, बाहेरच्या वकिलांकडून चौकशी झाली, छळाचा आरोप सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निघाला आणि मार्चमध्ये अध्यक्ष परत खुर्चीवर बसले.

निवाडा करायला मी त्या खोलीत नव्हते. एकच गोष्ट मी ठामपणे म्हणते. विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची जबाबदारी ज्या बाईवर होती, तिने स्वतःच्या मानसिक स्वास्थ्यासाठी दार ठोठावलं, तेव्हा ते दार उघडायला कुणीतरी नेमलेलं असायला हवं होतं. तसं कुणी कुठेच नसतं. विद्यार्थी कोसळला तर काय करायचं याची जाडजूड नियमावली आमच्या प्रत्येक टेबलावर आहे. त्याला सावरणारी कोसळली तर काय, याचं एक पान मी अजून पाहिलेलं नाही.

कँडिया-बेली गेल्या त्याच महिन्यात टेक्ससमध्ये 'सिनेट बिल १७' लागू झालं. सरकारी विद्यापीठांतली विविधता आणि समावेशाची कार्यालयं त्याने बंद केली. या कायद्याची रचना नीट पाहा. वर्गातलं शिकवणं त्यातून वगळलं, संशोधन वगळलं, विद्यार्थ्यांच्या संघटनाही वगळल्या. उरली ती प्रशासनातली माणसं, म्हणजे आम्ही. वंशभेदावर पुस्तक लिहिणारा प्राध्यापक सुरक्षित राहिला. वंशभेदाने रडवलेल्या मुलीला खुर्ची देणारी बाई बेकायदा ठरली. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाने आधी बहुसांस्कृतिक केंद्र बंद केलं. आपल्या कार्यालयांची नावं, कामं बदलून कायदा पाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना वाटलं, वाचलो. एप्रिल २०२४ मध्ये साठच्या आसपास लोकांना काढून टाकण्यात आलं. त्याआधी मार्चमध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने अशी १३ पूर्णवेळ पदं रद्द केली आणि तो ५० लाख डॉलरचा निधी प्राध्यापक भरतीकडे वळवला. २०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनचं सरकार बदललं आणि हेच धोरण राष्ट्राचं झालं. ज्या विद्यापीठांवर कुठल्याही कायद्याची सक्ती नव्हती, त्यांनीही घाबरून आपली केंद्रं गुंडाळली. २०२० मध्ये पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या हत्येनंतर याच विद्यापीठांच्या अध्यक्षांनी निषेधाची पत्रं काढून, आम्हाला शेजारी उभं करून फोटो घेतले होते. त्या पत्रांखालच्या सह्या मी विसरलेले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये तर हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या. कुणाचा जुना वाहतुकीचा दंड, कुणाचा काहीच गुन्हा नाही. न्यायालयांत एकामागून एक दावे हरू लागल्यावर महिनाअखेरीस सरकारला त्या नोंदी परत कराव्या लागल्या. त्या दिवसांत घाबरलेली मुलं कुणाच्या खोलीत येऊन बसली होती, हे वेगळं सांगायला नको. त्या खोलीतल्या कित्येक बायका स्वतः एच-१बी व्हिसावर होत्या. नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवस. अशी बाई वरिष्ठांविरुद्ध तक्रार लिहीत नाही, आणि वरिष्ठांना ते ठाऊक असतं.

आता आपल्या घरातलंही बोलते. गोऱ्या नसलेल्या सगळ्या बायकांचा अनुभव एकच आहे असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. भारतीय बाईला अमेरिकेत हुशार, कष्टाळू, न भांडणारी समजतात. हा गैरसमज आपल्या सोयीचा आहे आणि काळ्या बाईच्या मुळावर येणारा आहे. शिवाय माझ्या आडनावावरून माझी जात माझ्या गोऱ्या वरिष्ठांना कळत नाही. पण नागपूरहून आलेल्या दलित विद्यार्थ्याला दारावरची पाटी वाचताक्षणी कळते. तो आत यायचा की नाही हे पाटीसमोर उभा राहून ठरवतो. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात आणली. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये तेच केलं, तेव्हा आरडाओरडा केला तो भारतीयांनीच. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातभेदाविरुद्ध विधेयक मंजूर केलं. राज्यपालांनी त्यावर नकाराधिकार वापरला, आणि आपल्यातल्या बऱ्याच घरांत आनंद झाला. वंशाचा अन्याय झाला की पीडित आणि जातीचा विषय निघाला की निष्पाप, असं दोन्हीकडचं सोवळं मला मान्य नाही. सहन केलेल्या अन्यायाचा हिशेब मागणाऱ्या बाईने आपल्या बाजूने होणाऱ्या अन्यायाचाही द्यायचा असतो.

कौतुकाच्या फळ्या, 'सेल्फ केअर'च्या कार्यशाळा, मेणबत्त्या आणि चहाच्या पुड्या भरलेल्या पिशव्या, हे सगळं पुरे झालं. रात्रीच्या फोनचे तास लिहा आणि त्यांचे पैसे द्या. दुसऱ्या भाषेत केलेल्या कामाला कौशल्य म्हणा आणि ते नेमणूकपत्रात घाला. समित्यांवर गोऱ्या पुरुषांनाही बसवा, वंशभेद हा त्यांच्याही घरचा प्रश्न आहे. जी बाई संकट हाताळते तिला ते मिटवण्याचा अधिकार आणि पैसा द्या. आणि एका वर्षाच्या कराराऐवजी अनेक वर्षांचे करार द्या, म्हणजे विधानसभेचं वारं फिरलं तरी तिला तोंड उघडता येईल.

विद्यापीठं हे आमच्या सांगण्याने करणार नाहीत, फी भरणाऱ्यांनी विचारलं तर करतील. म्हणून ही विनंती मराठी आईवडिलांना आहे. मुलामुलीला अमेरिकेतून प्रवेशाचं पत्र आलं की तुम्ही क्रमवारी बघता, शिष्यवृत्ती बघता, नोकऱ्यांचे आकडे बघता. त्यासोबत विद्यापीठाला आणखी चार प्रश्न लिहून पाठवा. माझं मूल मध्यरात्री संकटात सापडलं तर फोन कोण उचलेल? त्या माणसाला त्या तासांचा पगार मिळतो का? गेल्या दोन वर्षांत तुम्ही विद्यार्थ्यांसाठीचं कुठलं केंद्र बंद केलं? आणि तिथं काम करणाऱ्या बायका आता कुठं आहेत? उत्तर लेखी मागा, आणि ते मिळेपर्यंत प्रवेशाची अनामत रक्कम भरू नका.